सावरीखालची कोरी जागा

मामंजींच्या पानाला कावळा शिवेना. अंगणाच्या गडग्यावर ठेवलेला भात गार झाला, वड्यांवर माश्या बसायला लागल्या, आणि अंताजीशास्त्री आणि दुसरे भटजी रिकाम्या पोटी ताटकळत बसले. सासूबाई सोवळ्यातच मागल्या दारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचं नवऱ्याशी बोलणं चाललं होतं. तो जिवंत असताना त्या इतकं कधी बोलल्या नसतील.

"या हो, या आता. कसली इच्छा राहिल्येय? बयोचं लग्न ना? ठरलंय ते. माघात आहे, नारोपंतांच्या घरी देतोय. आता तरी या."

कावळा आला. पण पानाकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. तो पडवीच्या खिडकीतून बाहेर पडला, चोचीत काहीतरी पांढरं घेऊन, आणि विहिरीच्या रहाटावर जाऊन बसला. तेवढ्यात दुसरे कावळे त्याच्या अंगावर धावून आले. ओढाओढीत ते पांढरं सुटलं आणि विहिरीला लागून असलेल्या दगडी दोणीत पडलं.

बयो तिथेच पाय धूत होती. बयो म्हणजे माझी थोरली, तेव्हा नवव्या वर्षात. तिने ते उचललं आणि चिमटीत दाबून बघितलं.

"आई, हे बघ गो काय! कसं मऊ मऊ लागतंय!"

मी बघितलं. मलाही काय ते कळेना. सासूबाई म्हणाल्या, खरवसाची वडी असेल. शास्त्रीबुवा पानावरून उठून आले, त्यांनी वाकून बघितलं, आणि त्यांनाही कळलं नाही. आमच्या अख्ख्या आळीत तो पदार्थ कोणी डोळ्यांनी बघितलेला नव्हता. कोणी काही बोललं नसतं तर बयोने ते फेकून दिलं असतं, दोण धुतली असती, आणि आमचं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं.

पण आमच्याकडचे ते श्राद्धाला बसलेले, सोवळं नेसून, हातात दर्भाची अंगठी. ते उठून आले आणि किती वाजले ते सांगावं तशा आवाजात म्हणाले, "पाव आहे तो, शास्त्रीबुवा. माझा आहे."

आता तुम्हाला हसू येईल. येऊ दे. तेव्हा आमच्याकडे पाव म्हणजे नुसता खाण्याचा पदार्थ नव्हता. फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं कशी बाटवली, ह्या गोष्टी आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेल्या. पाव खाल्ला तो माणूस बाटला. पाव पडला ती विहीर बाटली, आणि ते पाणी ज्यांच्या पोटात गेलं ते सगळेच बाटले. आमच्या विहिरीचं पाणी अर्धी आळी भरायची.

सासूबाईंनी बयोच्या हातावर चापट मारली. पाव मातीत पडला. भटजी न जेवता, न बोलता, धोतराचे सोगे सावरत निघून गेले. शास्त्रीबुवा दारात क्षणभर थांबले.

"चिंतामण," ते म्हणाले, "बापाच्या श्राद्धाला, अरे?" आणि तेही गेले.

पावाच्या त्या तुकड्याला हात कोण लावणार? शेवटी सासूबाईंनी त्याच्यावर एक फुटकी पाटी पालथी घातली आणि वर धोंडा ठेवला. साप कोंडावा तसा तो पाव रात्रभर आमच्या अंगणात कोंडलेला होता.

---

दुपारी मी पडवीत गेले. घरात शिजलेलं सगळं गाईला घातलेलं, कोणाच्या पोटात कण नव्हता. हे खाली बसून चाकूनं शिसपेन्सिलीला टोक करत होते. ते बघून माझं माथं भडकलं.

ह्यांचं सगळं आयुष्य त्या पेन्सिलीत गेलं. मुंबईला चित्रशाळेत शिकले, साहेबाच्या हाताखाली. रंगांची त्यांना कधी ओढ लागली नाही. शिकून आले आणि दापोलीला कँपातल्या एका शाळेत पोरांना ड्रॉइंग शिकवायला लागले. शनिवारी घरी यायचे. आले की पाठीला कागदांची वळकटी लावून गावामागच्या देवीच्या राईत जायचे. ऐन, किंजळ, बेहडा, हातभर जाड वेल, आणि मधोमध ती जुनी सावर, जिच्या मुळांच्या भिंतींमध्ये माणूस उभा राहील एवढाले कोनाडे. त्या राईतली वाळकी काटकीसुद्धा आमच्याकडे कोणी उचलत नाही. ह्यांनी फक्त चित्रं उचलली.

"पाव कशाला आणलात घरात?" मी विचारलं.

"पुसायला."

"काय पुसायला?"

"पेन्सिल. रबरानं कागदाची साल निघते. पावाचा गर मळून मऊ करायचा आणि नुसता टेकवायचा. काळं तेवढं उचलून येतं, कागदाला कळतही नाही." बोलता बोलता ह्यांचा आवाज शाळेतल्यासारखा झाला. "झाडी काढायची तर उजेड काढता येत नाही, गोपिका. पेन्सिलीला उजेड येतच नाही. आधी सगळा अंधार भरायचा, आणि मग हवा तिथून तो उचलून घ्यायचा. साहेबसुद्धा पावच वापरायचे."

"साहेबाला मुलगी उजवायची नव्हती ह्या आळीत."

ह्यांचा चाकू चालूच राहिला. आणि मला राहवेना, साठलेलं सगळं बाहेर आलं.

आमची धाकटी ठकू आदल्या मार्गशीर्षात गेली होती. चार वर्षांची. सकाळी तापाने फणफणली आणि बघता बघता हातातून गेली. ती ह्यांची फार लाडकी. राईत जाताना ह्यांच्या पुढे पळायची, सावरीच्या कोनाड्यात घर मांडायची. मी एकदा म्हटलं होतं, "झाडंच काय काढता, पोरीचं एक चित्र काढा की." तेव्हा हे हसले होते. "उभी राहील तर ना! सदा एका पायावर, दुसऱ्या पायानं पोटरी खाजवत. डोळे वर करून बघेतो दुसरीकडे." म्हणून तिचं चित्र कधी झालं नाही. फोटो वगैरे तेव्हा मुंबईच्या शेटजींचे.

ती गेली तेव्हा हे रडले नाहीत. एक टिपूस नाही. सुतक फिटलं आणि दुसऱ्या दिवशी कागद पाठीला लावून राईत गेले. तेव्हापासून एकच चित्र चाललेलं. शनिवार आला की तेच, रविवारी तेच. पाऊसकाळात पडवीत बसून तेच. मी केर काढताना ते जमिनीवर पसरलेलं असायचं. जवळून काय दिसणार? काळोख, आणि काळोखात धुरकट डाग. मला त्या चित्राचा राग यायचा. मूल गेलं आणि हा माणूस झाडं काढत बसलाय, असं मनात यायचं आणि घास तोंडात फिरायचा.

"उद्या सभा बसणार ओटीवर," मी म्हटलं. "नारोपंतांना निरोप गेलाय. लग्न मोडलं म्हणून समजा. पुन्हा कोण करणार हो तुमच्या पोरीला? आणि कशासाठी, तर ह्या झाडांसाठी! झाडंच ना ती? द्या पेटवून आणि व्हा मोकळे."

ह्यांचा चाकू थांबला.

"झाडंच," हे म्हणाले.

आणि पुन्हा टोक करायला लागले.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा आले, नारोपंत खाडी ओलांडून आले, आळीतली आणखी चार माणसं आली. पाणी कोणी मागितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मी आणि सासूबाई माजघराच्या दाराआड उभ्या. बयो माझ्या पदराला धरून.

अंताजीशास्त्री काही दुष्ट माणूस नव्हेत. आता त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. म्हातारा माणूस, मामंजींचा बाळमित्र, ह्यांची मुंज त्यांनीच लावलेली. प्रकरण कसंबसं मिटवावं, अर्ध्या आळीचं पाणी मोकळं करावं आणि घरी जावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ह्यांच्या हातात तुळशीचं पान दिलं.

"खाल्लास काय पाव?"

"नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. पुसायला वापरतो."

ओटीवर कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. नारोपंत आमचे होणारे व्याही, तालेवार असामी, पण मनाने मोकळे. ते म्हणाले, "चिंतोपंत, आमचा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण लोकांना कसं पटवायचं? खाण्याच्या वस्तूनं पुसतात, हे आम्ही तरी कुठे ऐकलंय? आम्हाला दाखवा करून."

हे उठले. अंगणात पाट मांडला. ओटीवर तो पदार्थ कोण येऊ देणार! पत्र्याच्या डबीतून पावाचा तुकडा काढला, नवा कोरा कागद घेतला, आणि पेन्सिल आडवी धरून कागदाचा एक कोपरा काळाकुट्ट केला. मग पावाचा गर चिमटीत मळला, गोळीला टोक काढलं, आणि काळ्यावर हलकेच टेकवून उचलला. चारदा, पाचदा. त्या काळोखात एक पान उमटलं. पिंपळाचं, देठासकट, जणू आत्ता वाऱ्याने हललं.

"अरे वा!" नारोपंत उठून उभेच राहिले. "चमत्कारच म्हणायचा!"

शास्त्रीबुवाही पुढे वाकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाईंनी दाराआडून हात जोडले. सुटलो, असं वाटलं. थोडं पंचगव्य, विहीर उपसायची, दोन ब्राह्मण जेवायला, आणि माघात लग्न.

आणि मग नारोपंतांनी विचारलं. अगदी सहज विचारलं, कौतुकाने. त्यांच्या मनात काळंबेरं काही नव्हतं.

"म्हणजे तुमच्या सगळ्या चित्रांवर हा पाव फिरलेला असतो होय?"

शास्त्रीबुवांनी मान वळवून ओटीच्या भिंतीकडे बघितलं. तिथे ह्यांनी काढलेली मामंजींची तसबीर होती. मग त्यांनी आत बघितलं, देवघराकडे. देवघरात ह्यांनीच काढलेला गणपती होता. सासूबाई त्याला रोज गंध लावायच्या, त्याच्यासमोर रोजचा नैवेद्य व्हायचा.

खाल्ला नाही हे सिद्ध झालं होतं. आणि ज्यानं सिद्ध झालं, त्यानंच घरातला कागद न् कागद विटाळला होता. माणूस पंचगव्य घेऊन शुद्ध होतो. कागदाला काय पाजणार?

"आणा," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम थकला. "असतील तेवढी सगळी आणा. ज्याला पाव लागला ते अग्नीत. ज्याला नाही लागला ते राहू दे. तुळस हातात आहे, चिंतामण. खरं सांग, म्हणजे झालं."

अंगणात गोवऱ्या पेटवल्या. हे एकेक चित्र आणत होते, शास्त्रीबुवा विचारत होते, हे सांगत होते. मामंजी? लागलाय. गणपती? लागलाय. सासूबाईंच्या तोंडून नुसता हुंकार आला. खाडीचं चित्र लागलेलं नव्हतं, ते बाजूला ठेवलं. राईतल्या वाटेचं लागलेलं. ऐनाच्या खोडाचं लागलेलं. कागद वळत होते, काळे पडत होते, आणि हे पुढचं आणायला पडवीत जात होते. चेहऱ्यावर काही नाही. मी मनात म्हणत होते, लवकर संपवा, लवकर.

सगळ्यात शेवटी ते मोठं आणलं. दोन्ही हातांनी धरून अंगणाच्या मधोमध उभे राहिले. सकाळचं ऊन समोरून त्याच्यावर पडलं होतं. मी दाराआड, इतक्या लांब. इतक्या लांबून ते चित्र मी त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

राई होती. आमचीच राई. खोडांमागे खोडं, वेल, पानांचा तो दाट काळोख, ज्यात शिरलं की बाहेरचं ऊन खरं वाटत नाही. मधोमध सावर, तिची मुळं दोन्ही बाजूंना पसरलेली. आणि मुळांच्या कोनाड्यात एक उजेडाचा तुकडा.

उजेडाला डोकं होतं. डोकं एका बाजूला कललेलं. एक पाय जमिनीवर. दुसरा पाय वर उचललेला, पोटरीला लावलेला, खाली विरत गेलेला.

माझ्या घशातून आवाज निघाला असेल. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनाही दिसलं होतं. म्हाताऱ्या माणसाला लांबचं चांगलं दिसतं.

शास्त्रीबुवांनी त्या चित्राकडे बराच वेळ बघितलं. मग नजर खाली घातली.

"ही देवीची राई आहे," ते म्हणाले. "तिथली काटकीसुद्धा आपण चुलीत घालत नाही. ही अख्खी राई मी कशी अग्नीत घालू?" ते ह्यांच्या अगदी जवळ गेले. "ह्याला नसेल ना लागला? तू ह्याच्यावर अजून काम करतोयस, असं ऐकलंय मी. पुसायची वेळच आली नसेल."

माझ्या जिवात जीव आला. म्हाताऱ्यानं दार उघडून धरलं होतं. नुसती मान हलवायची होती.

नारोपंत चित्र बघत होते. "हे मधलं पांढरं मात्र…" ते बोटाने दाखवत म्हणाले. "हे कशानं केलंत?"

"तो कागदच असेल," शास्त्रीबुवा घाईने म्हणाले. "कोरा सोडला असेल. तिथे काही काढलंच नसेल. होय ना, चिंतामण? तिथे काही नाही, कागद कोरा आहे, असं म्हण आणि घेऊन जा आत."

म्हणा, मी मनात ओरडत होते. म्हणा ना हो. तुळस असू दे हातात नाहीतर अख्खं वृंदावन. माझं पाऊल उंबऱ्यावर पडलं होतं. सासूबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"गोपिके," त्या कानाशी पुटपुटल्या, "बयोचं बघ."

बयो पदराला धरून वर माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उंबऱ्यावरचं पाऊल मागे घेतलं.

ह्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मी शपथेवर सांगते, हे तो शब्द बोलणार होते. कोरा, एवढा शब्द. मग ह्यांनी मान खाली करून त्या उजेडाकडे बघितलं.

"नाही," हे म्हणाले. "तिथे कोरं नाही. तिथेच पाव लागलाय. बाकी कुठे नाही, तिथेच."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले.

चित्र ह्यांनी स्वतःच्या हाताने ठेवलं. म्हातारा पाठ फिरवून उभा राहिला. राई जळताना त्याला बघवलं नसेल. मी मात्र बघितलं. कागद आधी पिवळा झाला, मग तांबूस, मग सबंध काळा. पण तो लगेच मोडला नाही. आणि त्या काळ्यावर पेन्सिलीच्या रेघा चमकायला लागल्या. शिसं जळत नाही. सगळी झाडं, सगळे वेल, पान न् पान चांदीसारखं लखलखलं. मधला कोनाडा तेवढा काळा. जिथे ती होती तिथे काळं, आणि जिथे अंधार होता तिथे उजेड.

मग गोवरी खचली आणि सगळं पडलं.

---

विहीर उपसली. पंचगव्य झालं. ब्राह्मण जेवले. पानाला कावळाही शिवला, तोच असेल कदाचित. माघात बयोचं लग्न झालं आणि नारोपंतांनी तिला लेकीसारखी वागवली. म्हणजे सगळं ठीक झालं, असंच म्हणायला हवं.

त्या दिवशी दिवेलागणीला मी पडवीत गेले होते. हे रिकाम्या जमिनीकडे बघत बसलेले. मी दिवा ठेवला आणि खाली बसले.

"का नाही म्हणालात?" मी शेवटी विचारलं. "कोरं आहे, एवढं म्हणायचं होतं. शास्त्रीबुवाच सांगत होते."

"तिथे काही नाही, असं म्हणू?" हे म्हणाले.

मी दिव्याची वात पुढे सारली.

"जीभ रेटली नाही गो. ती उभी होती तिथे."

आणि तेव्हा हे रडले. ठकू गेल्यावर पहिल्यांदा. तोंड दोन्ही हातांनी झाकून, आवाज न करता. मी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. सासू घरात जागी असताना असं मी कधी केलं नव्हतं.

"मला का नाही दाखवलंत?"

"पाय व्हायचा होता. वर उचललेला. पाऊल उचलायचं राहिलं होतं. म्हटलं, पुरी झाली की दाखवू." हे थांबले. "कालचा पाव तेवढ्यासाठीच आणला होता."

पुढे मी एकदा म्हटलं, पुन्हा काढा. एकदाच म्हटलं. "कशावरून काढू?" हे म्हणाले. त्यानंतर ह्यांनी झाड काढलं नाही. शाळेत पोरांना वर्तुळं शिकवली, तांब्या-पेला शिकवला, आणि पेन्शन घेतली. राईत पुन्हा गेले नाहीत. हे गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली.

ठकूच्या पाठीवर मला पुढे मुलगा झाला, त्याचाच आता संसार आहे. ह्याच घरात. रोज सकाळी पाववाला सायकलवरून भोंगा वाजवत येतो, त्याच विहिरीपाशी सायकल टेकवतो, आणि सूनबाई परडी घेऊन जाते. माझी नातवंडं स्वयंपाकघरात ओळीने बसून चहात पाव बुडवून खातात. चुरा सांडतो, कावळे येतात. कोणी विहीर उपसत नाही. अंताजीशास्त्र्यांचा पणतू आला तर तोही बसतो त्या ओळीत.

मी खात नाही. मुलं चिडवतात, आजी जुन्या वळणाची म्हणून. चिडवू देत.

परवा सगळी उठून गेली आणि एका बशीत अर्धा पाव राहिला होता. मी उचलला. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. बयो म्हणाली होती तसाच, मऊ. गर काढून चिमटीत मळत बसले. चुलीमागची भिंत माझ्यासमोर होती, इतक्या वर्षांच्या धुराने काळी कुळकुळीत झालेली. मी गोळी तिच्यावर टेकवली आणि उचलली.

काजळी उचलून आली. खाली पांढरं दिसलं.

मला चित्र काढता येत नाही. कधी शिकले नाही. पण बोट आपोआप जात होतं, टेकवून उचलत होतं, टेकवून उचलत होतं. डोकं झालं, जरा कललेलं. खांदे झाले. परकर झाला. एक पाय झाला. दुसरा वर उचलला, पोटरीपर्यंत आणला, आणि हातातला गर काळा होऊन गेला. पुढे काही उचलेना.

पाऊल राहिलं.

मागे पावलं वाजली. धाकटी नात पाणी प्यायला आली होती. ती भिंतीकडे बघत राहिली, मग माझ्या काळ्या बोटांकडे.

"उद्या अर्धा पाव माझ्यासाठी ठेव हो," मी तिला म्हटलं.

तिचे डोळे मोठे झाले. "आजी, तू पाव खाणार?"

"नाही गो," मी म्हटलं. "खायला नको."